आमच्या झेडपी शाळेत आता निम्म्याहून जास्त मुलं बाहेरची. तुकड्या कशा पाडाव्यात?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या गावचा आहे, पण इथे शिक्षक, पालक आणि फुकटचे सल्लागार (यात मीही आलो) भरपूर आहेत म्हणून टाकतोय.

खेड तालुक्यात, चाकण एमआयडीसीला लागून आमचं गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवी शाळा. वडील इथे शिकले, मी शिकलो, आता मुलगी दुसरीत गेली. माझ्या वेळी चार-पाच आडनावांत हजेरी संपायची. आता दुसरीच्या हजेरीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, शिवाय नांदेड, वाशीम, यवतमाळ. जमिनीचे पैसे आले तशी गावातल्या बहुतेकांनी पोरं पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्लिश मीडियमला धाडली. शाळा ओस पडायला लागली होती. चाळीतल्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कामगारांची मुलं आली म्हणून पट टिकला.

यंदा दुसरीचा पट साठच्या वर गेलाय, म्हणजे दोन तुकड्या. गावातल्या काही पालकांची मागणी अशी, की 'अ' तुकडीत घरी मराठी बोलणारी मुलं घ्या आणि 'ब' मध्ये हिंदीवाली. तसं केलं नाही तर दाखले काढतो म्हणतात. मुख्याध्यापिका बाई कात्रीत सापडल्यात. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, बैठक येत्या रविवारी.

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. आमच्या शाळेची काही वळणं आहेत. परिपाठ मुलंच चालवतात, दिवाळीनंतर बाजार दिवस भरतो, परसबागेतली मेथी खिचडीत जाते, शनिवारी गोष्टीचा तास. हे सगळं 'गावची शाळा' म्हणून बसलेलं. मुलंच बदलली तर यातलं काय तसंच ठेवावं आणि काय बदलावं?

आगाऊ_बंडू

पहिला! आता प्रश्न वाचतो.

खडूफळा

मी मुळशीत झेडपीला शिकवते. आमच्याकडेही बांधकामावरची मुलं आहेत, त्यामुळे थेट सांगते. भाषेवर तुकड्या पाडू नका. दोन महिन्यांत 'ब' म्हणजे कच्च्यांची तुकडी असं ठरून जातं, मुलांच्या डोक्यात आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांच्याही. बदलीवर आलेल्या नव्या माणसाच्या गळ्यात 'ब' पडते, आणि शाळाबाह्य कामं निघाली की आधी त्याच वर्गाचा बळी जातो.

दुसरीतली मुलं सरमिसळ असली की एकमेकांकडून भाषा उचलतात, तेवढी माझ्याकडून उचलत नाहीत. मी बाकावर जोड्या लावते, एक मराठी घरातलं आणि एक नव्याने आलेलं. जोडी दर महिन्याला बदलायची, नाहीतर एकजण कायमचा दुभाष्या होऊन बसतो आणि दुसरं मूल तोंडच उघडत नाही.

एक सोपी युक्ती. बालभारतीची पुस्तकं मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा बऱ्याच माध्यमांत निघतात आणि पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. गणिताचं मराठी आणि हिंदी पुस्तक शेजारीशेजारी ठेवा. चित्रं तीच, उदाहरणं तीच. 'हातच्याची बेरीज' मुलाला येत असते, त्याला फक्त प्रश्न कळलेला नसतो. हिंदी पान दाखवलं की पेन्सिल चालायला लागते. मग मराठी पान.

सडेतोड

नेहमीप्रमाणे सगळे गोडगोड लिहिणार, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ज्या पालकांनी अजून झेडपीत मुलं ठेवलीत त्यांना खलनायक करू नका. त्यांच्या गल्लीतले सगळे निघून गेले, हे उरले. त्यांचं म्हणणं एवढंच, की वर्गातल्या निम्म्या मुलांना मराठी कळत नाही म्हणून बाई हिंदीत बोलायला लागतात. मग मराठी माध्यमाच्या शाळेत, महाराष्ट्रात, माझ्या मुलाच्या कानावर दिवसभर हिंदी पडणार. माझ्या भाच्याच्या शाळेत हे झालंय. पोरगं घरी येऊन 'मम्मी, मैने डब्बा फिनिश किया' म्हणतं.

आणि वेळेचं काय? चाळीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटं उलथापालथ करण्यात गेली तर ज्याला येतंय त्याने काय भिंती मोजायच्या?

आगाऊ_बंडू

'फिनिश किया' यात हिंदीचा दोष निम्माच धरावा. उरलेला निम्मा पिवळ्या बसचा.

खडूफळा

@सडेतोड, तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. शिक्षकाने मराठीतच बोलायचं. अडलं तर हिंदीतला एखादा शब्द, हावभाव, चित्र, पण वाक्य मराठीच. आमच्यातले बरेच जण सोय म्हणून हिंदीत घसरतात आणि त्यात दोन्हीकडच्या मुलांचं नुकसान होतं. बिहारच्या आईने मूल मराठी शाळेत घातलंय ते त्याला मराठी यावी म्हणूनच ना. पण हे शिक्षकाचं वळण आहे, तुकड्या पाडून ते सुटत नाही.

गिरणगावचा

परळ-लालबागची महापालिका शाळा, मराठी माध्यम. माझ्या लहानपणी एका वर्गात पन्नास-साठ पोरं, सगळी कोकण, सातारा, कोल्हापूर घाटावरची. बाप गिरणीत, आई खानावळ चालवणारी. म्हणजे 'मूळ मुंबईकर' त्या वर्गात शोधूनही सापडला नसता. तेव्हा आम्हीच बाहेरचे होतो, मराठी बोलत होतो म्हणून कोणी तसं म्हणालं नाही इतकंच.

मग 1982 चा संप. वर्गातली बाकं महिन्या-महिन्याने रिकामी होताना मी पाहिलीत. कोणी गावाला गेलं, कोणी डोंबिवली-विरारला. आज त्याच इमारतीत इंग्रजी माध्यमाचे वर्ग भरतात आणि मराठीचा एक मजला उरलाय. मुंबई पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, पण गर्दी कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेला पोरं मिळताहेत तोवर ती पोरं कुठली हे विचारू नका राव. इमारत राहते, शाळा जाते.

चिंचपेटी

वाचतेय. गिरणगावचा, यावर स्वतंत्र धागा काढा ना.

सोलापुरी_कडक_भाकरी

आमच्याकडे ही भानगड शंभर वर्षं जुनी आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात थोडी कन्नड. यंत्रमाग आणि विड्यांवर जगणारी घरं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना पहिलीत मराठी धड येत नव्हती. बाईंना तेलुगू येत नव्हती. चौथीपर्यंत वक्तृत्व स्पर्धेत शाळेचा नंबर आणणारे तेच. बतुकम्माला (तेलुगू बायकांचा फुलांचा सण) शाळेच्या पटांगणात फुलं रचायचे आणि गणपतीत लेझीमही खेळायचे. वेगळी तुकडी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण मग 'अ' मध्ये दहाच पोरं बसली असती.

सडेतोड, तुमच्या भाच्याची मराठी शाळेने बिघडवली की टीव्ही-मोबाईलने, ते एकदा बघा बरं का.

सडेतोड

टीव्ही घरात मी बंद करू शकतो. वर्ग कसा बंद करू? आणि सोलापूरचं उदाहरण इथे लागू नाही. ती कुटुंबं पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारी. चाकणची मुलं आज आहेत, ठेकेदाराने साइट बदलली की उद्या नाहीत. छठला गावी जातात ती महिन्याने उगवतात. ज्या मुलाचा भरवसा नाही त्याच्यावर वर्ग कसा बेतणार, याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

मास्तर_बालाघाट

याचं उत्तर माझ्याकडं आहे, कारण सगळी नोकरी त्यातच गेली. बीड जिल्ह्यातली शाळा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, वर्ग अर्धा व्हायचा. पाडव्याच्या आसपास परत यायचे. मायबापानं मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, कोयत्यावर जाणं चुकत नव्हतं आणि लेकरं मागं ठेवायची कुणापाशी? म्हणजे परप्रांतीय सोडा, आमची गावातलीच लेकरं सहा महिने परकी व्हायची. कारखान्यावरच्या साखरशाळा (तोडणीवाल्यांच्या लेकरांसाठी तिथंच भरणाऱ्या शाळा) झाल्या, पण खरा फरक पडला हंगामी वसतिगृहानं. सर्व शिक्षा अभियानातून पैसा यायचा, शाळा समिती चालवायची. लेकरू गावातच राहायचं, आजीकडं झोपायचं, दोन वेळचं जेवण शाळेच्या खोलीत. कागदावर घोळ झाले, नाही म्हणत नाही. तरी ज्या गावात समिती जागी होती तिथं लेकरं टिकली.

नेता आलं नाही तर शिक्षण हमी कार्ड द्यायचो. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्यावर बसवून घ्यायचं. किती ठिकाणी बसवलं हा वेगळा विषय.

आता वर्ग कसा बेतायचा ते. मी वर्षाचा धडा असा धरलाच नाही. आठवड्याचा धरला. सोमवारी सुरू केलेलं शनिवारी पुरं. मूल महिन्यानं आलं तरी सोमवारी सामील होतं. त्याचं राहिलेलं काय ते एका वहीत, वही त्याच्या दप्तरात. तो दुसऱ्या शाळेत गेला तर वही सोबत. दाखल्यापेक्षा ती वही कामाची.

खडूफळा

सर, ती वहीची कल्पना चोरणार आहे. सांगून चोरते.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. इथल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोंकणी माध्यमाच्या. 1990 च्या धोरणाने प्राथमिकला अनुदान प्रादेशिक भाषांपुरतं ठेवलं होतं, 2011 ला इंग्रजीसाठी दार किलकिलं झालं आणि गोंयकारांची मुलं त्या दाराने गेली. मागे मराठी शाळांत कोण उरलं? वास्को, झुआरीनगर भागात जाऊन बघा, कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुलं. घरी कन्नड किंवा लमाणी, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी. मराठीसाठी आंदोलनं केलेल्यांची नातवंडं इंग्रजीत, आणि मराठी शाळेचा पट विजापूर-गदगच्या पोरांनी धरून ठेवलाय. यावर हसावं की काय ते ठरवा.

तरी एक सांगतो, आमच्या शेजारच्या शाळेत शिगम्याच्या (इथल्या होळीच्या सणाच्या) रोमटामेळात, म्हणजे मिरवणुकीत, ढोल वाजवणारा पोरगा बागलकोटचा आहे. ताशा त्याच्या भावाकडे.

आगाऊ_बंडू

म्हणजे मराठी वाचवायला आता मराठी माणूस सोडून सगळे उभे आहेत. छान.

भाषाप्रेमी_ठाणे

हे सगळं मुद्दाम चाललंय. 2025 मध्ये एप्रिलच्या जीआरने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली होती, जूनमध्ये शब्द फिरवून पुन्हा आणली. लोक रस्त्यावर उतरणार म्हटल्यावर जूनअखेर दोन्ही जीआर मागे घेतले. जे कागदावर जमलं नाही ते वर्गात गपचूप होतंय, आणि इथे लोक बालभारतीचं हिंदी पुस्तक उघडून ठेवा म्हणताहेत! मराठी सक्तीचा 2020 चा कायदा आहे ना?

खडूफळा

तो कायदा सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय शिकवायला लावतो. आमच्याकडे सगळंच मराठीत आहे. हिंदी पुस्तक मी हिंदी शिकवायला उघडत नाही हो, मुलाला गणिताचा प्रश्न कळावा म्हणून उघडते, आणि सहामाहीपर्यंत ते बंद होतं. तुम्ही एक दिवस वर्गावर या, पोहे मी देते.

भाषाप्रेमी_ठाणे

पोह्यांनी प्रश्न सुटत नाहीत.

आगाऊ_बंडू

खिचडीने सुटतात. शासनाचा अधिकृत अनुभव आहे.

व्यवस्थापक

त्रिभाषा सूत्रावर आधीच तीन धागे आहेत, त्यातला एक कुलूपबंद आहे आणि का ते सर्वांना आठवत असेल. कृपया तिथेच. इथे धाग्याच्या विषयावर बोला.

कोकणमेवा

खिचडीवरून आठवलं. 1995 ला शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा आमच्याकडे शिजवून देत नव्हते, 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो तांदूळ घरी. मी आणि भाऊ तापातसुद्धा शाळेत जायचो, कारण आजी म्हणायची 'सहा किलोचा प्रश्न आहे'. त्याआधीच्या पिढीला सुकडी. आता शिजवलेलं, पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनांचं गणित.

पण मुद्दा गंभीर आहे. सगळी मुलं एका पंगतीत, एकाच पातेल्यातलं खातात, त्याहून मोठा संस्कार कुठल्या तासात होतो? भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली तेव्हा गावं खवळली होती. तुकड्या वेगळ्या केल्यात तर पंगतीही आपोआप वेगळ्या बसतील, बघा.

रंकाळा

कोकणमेवा, अगदी. त्यात आमचं कोल्हापूर जोडतो. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला, ते कमी लोकांना ठाऊक असतं. त्या वेगळ्या शाळाही 'त्यांच्या सोयीसाठी'च होत्या की! शंभर वर्षं झाली त्याला, आणि आपण भावा 'अ' आणि 'ब' करत बसलोय.

सडेतोड

भाषेची तुकडी आणि अस्पृश्यता एका तराजूत? हे जास्त होतंय. मी मुलांना शिवू नका म्हणत नाहीये, पहिलं एक वर्ष वेगळं बसवून मराठी पक्की करा आणि मग एकत्र करा म्हणतोय.

रंकाळा

ते एक वर्ष कधी संपत नाही, एवढंच माझं म्हणणं. तुमचा हेतू वाईट आहे असं नाही.

ऑस्टिनवासी

टेक्सासमधून. इथल्या सरकारी एलिमेंटरी शाळेत आम्हीच तुमचे बिहारी. माझा मुलगा किंडरगार्टनला गेला तेव्हा त्याला 'बाथरूम' एवढंच इंग्रजी येत होतं, कारण घरी मराठीच बोलायचं हा माझा हट्ट. त्याला मूळ वर्गातच ठेवलं आणि दिवसातून थोडा वेळ भाषेच्या शिक्षिकेकडे चार-पाच मुलांच्या गटात नेत. बाकी दिवस सगळ्यांबरोबर. म्हणजे सडेतोड म्हणतात ती जादा मदत आहे, आणि वेगळी तुकडीही नाही.

स्पॅनिश मुलं खूप, म्हणून त्यांच्यासाठी द्विभाषिक वर्ग असतात. राज्याचा नियम असा, की जिल्ह्यात एकाच इयत्तेत एकाच घरभाषेची, इंग्रजी कच्चं असलेली 20 मुलं झाली की तसा कार्यक्रम द्यावाच लागतो. कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही हा 1982 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल (प्लायलर विरुद्ध डो) याच टेक्सासच्या एका गावातून गेलेल्या खटल्यात लागला. सगळं गोड नाही. इथेही चांगली शाळा म्हणजे कुठली, हे पालक घरांच्या किमतीवरून ठरवतात, आणि आपले देशी त्यात सगळ्यात पुढे.

शुभदा_कोथरूड

खरं बोलते, शिव्या घाला. माझी दोन्ही मुलं इंग्लिश मीडियमला. मराठी शाळेत घातली नाहीत त्याला भाषा हे कारण नव्हतंच. 'मुलांची संगत' हे कारण होतं. सगळ्यांचं तेच असतं, कोणी बोलत नाही. त्यामुळे इंद्रायणीकाठ यांच्या गावातले पालक माझ्यापेक्षा प्रामाणिक आहेत, ते निदान शाळेत राहून भांडताहेत.

चिंचपेटी

शुभदा, हे लिहायला धाडस लागतं. +1

कलम_कागद

भावना झाल्या, आता नियम. शिक्षण हक्क कायदा 2009, लागू 1 एप्रिल 2010 पासून.

वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14). आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही (कलम 5). मूल वयाने मोठं असेल तर वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम 4). त्या कलमात 'वेगळी तुकडी' असं कुठेही नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या महिला, आणि दुर्बल-वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा (कलम 21). इंद्रायणीकाठ, तुमच्या समितीत चाळीतले पालक किती?

आणि जे दाखला काढण्याची धमकी देताहेत त्यांना एक हिशेब दाखवा. प्राथमिकला 60 पर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच. म्हणजे बाहेरची मुलं पटावरून वजा केलीत तर तुमच्या 'अ' तुकडीलाही स्वतंत्र शिक्षक उरत नाही, दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

कलम_कागद, समितीत चाळीतलं कोणीच नाही. कारण विचाराल तर बैठक दुपारी चारला आणि ती माणसं शिफ्टला. बायकाही पॅकिंगला जातात. आम्ही 'येत नाहीत' असं लिहून मोकळे.

एक गंमत बघा. दाखले काढू म्हणणाऱ्या तीनही घरांच्या चाळी आहेत, आणि खोल्यांत राहतात ती हीच कुटुंबं. भाडं चालतं, बाक चालत नाही. हे बैठकीत बोलायचं की नाही, यावर घरात वाद चालू आहे. बायको म्हणते बोलू नका, दूध त्यांच्याकडूनच येतं.

आगाऊ_बंडू

बोला. चहा कोरा प्या.

मास्तर_बालाघाट

बोलू नका. बैठकीत तोंडावर पाडलेला माणूस दाखला काढतोच. घरी जाऊन एकट्याला बोला.

परिपाठाचा तुमचा प्रश्न राहिला. बीडमध्ये 2009 ला मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, आधी पाचशे झेडपी शाळांत. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, म्हटलं आणखी एक रजिस्टर. पण त्यात एक गोष्ट होती, लेकरांनी गोल बसून आळीपाळीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. जोडीत चर्चा. वर्गाचे नियम लेकरांनीच करायचे. सुविचार फळ्यावर लिहून जे होत नव्हतं ते त्यातून थोडं तरी व्हायचं. तुमचा परिपाठ मुलंच चालवतात म्हणता, मग अर्धं काम झालंय. दिनविशेष आणि बातम्यांच्या पाळीत चाळीतल्या लेकरांचं नाव आहे का, तेवढं बघा.

इंद्रायणीकाठ

सर, मुलीला विचारलं. पाळी हजेरी क्रमांकाने येते, म्हणून सगळ्यांची येते. समस्तीपूरची एक मुलगी आहे, तिने गेल्या आठवड्यात बातम्या वाचल्या. 'जिल्हाधिकारी' वर अडकली, तेव्हा मागून सगळा वर्ग ओरडला, आणि तिने तो शब्द उगाच तीनदा म्हणून दाखवला. प्रतिज्ञेतलं 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा' मात्र कोणालाच एका दमात येत नाही, गावातल्यांनाही नाही.

आगाऊ_बंडू

मला अजून येत नाही.

खडूफळा

बाजार दिवसाचं मी सांगते, कारण आमच्याकडे तो घोळ झाला होता. नियम होता 'घरच्या शेतातलं आणा'. चाळीतल्यांचं शेत इथे कुठलं? मग ती मुलं नुसती गिऱ्हाईकं झाली, खिशात दहा रुपये घेऊन फिरणारी. पुढच्या वर्षी नियम बदलला, घरी केलेलं काहीही चालेल. एका आईने लिट्टी पाठवली, भट्टी म्हणून घमेल्यात कोळसे. पहिल्या अर्ध्या तासात संपली, सरपंचांनी दोन प्लेट खाल्ल्या आणि पैसे द्यायला विसरले. मुलाने मागून जाऊन घेतले. नफा-तोटा त्याला त्या दिवशी कळला, मला पाठ घ्यावा लागला नाही.

म्हणजे कार्यक्रम तोच ठेवा. आत शिरायचा नियम कोणाला बाहेर ठेवतोय, ते एकेक करून तपासा.

सडेतोड

लिट्टीबद्दल माझा काही आक्षेप नाही.

इंद्रायणीकाठ

बैठकीचा वृत्तांत. संध्याकाळी साडेसातला ठेवली, शाळेच्याच व्हरांड्यात. पहिल्या शिफ्टचे लोक आले. बाया मागे उभ्या होत्या, बसा म्हटल्यावर बसल्या.

तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडायच्या असं ठरलं, मुली-मुलगे आणि नवी-जुनी मुलं दोन्हींकडे सारखी येतील एवढं बघून. सडेतोड यांचा मुद्दा मी त्यांच्याच शब्दांत मांडला आणि तो मंजूर झाला. बाई आणि सर वर्गात मराठीतच बोलणार. शाळा सुटल्यावर अर्धा तास, नव्या मुलांसाठी मराठी बोलायचा गट. गावातली बारावी झालेली एक मुलगी घेणार आहे, तिचं मानधन लोकवर्गणीतून. पहिल्या महिन्याची वर्गणी चाळमालकांपैकी एकाने दिली. (मास्तरांचं ऐकलं, घरी जाऊन बोललो.) उरलेल्या दोघांपैकी एकाने दाखला काढला. दुसरा म्हणतो दिवाळीपर्यंत बघतो.

मुलगी शाळेतून गेल्यामुळे समितीत एका आईची जागा रिकामी होती, तिथे समस्तीपूरच्या मुलीची आई आली. ती बैठकीत एकच वाक्य बोलली, की शौचालयाची कडी तुटली आहे आणि मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. आम्ही दोन तास भाषेवर भांडत होतो.

चिंचपेटी

कडी लावली का?

इंद्रायणीकाठ

दुसऱ्याच दिवशी.

आता नवीन लफडं. बिहारच्या बऱ्याच मुलांच्या आधारवर नाव 'अमुक कुमार' एवढंच आहे. शाळेच्या फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. बाईंनी 'कुमार' आडनावात टाकलं, दुसऱ्या शाळेने वडिलांचं नाव मधे घातलं होतं, आता आधार जुळत नाही. आणि संचमान्यतेला (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरतात ती) आधार जुळलेलीच मुलं मोजतात म्हणे.

कलम_कागद

30 सप्टेंबरच्या आत दुरुस्त करा, त्या तारखेचा पट धरतात. शाळेच्या रजिस्टरला नाव आधारवर आहे अक्षरशः तसंच घ्या, स्पेलिंगसकट, आपल्या पद्धतीने सजवू नका. आधारच चुकलं असेल तर तालुक्याला शिबिर लावायला गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीचं पत्र द्या. पत्राची पोच घ्या. पोच महत्त्वाची.

सडेतोड

चिठ्ठ्यांचा निर्णय मला पटलेला नाही, पण घेतलाय तर चालवून बघा. सहामाहीनंतर दोन्ही तुकड्यांत वाचन कितपत आलं, दुसऱ्या घराने दाखला काढला का, ते इथे लिहा. नाही लिहिलंत तर मी धागा वर काढून विचारीन.

इंद्रायणीकाठ

लिहितो. आधी त्या कुमारांचे रकाने जुळवून घेऊ द्या.